तीस डावांत गडी ओळखणं: ऑनलाइन पोकरच्या आकडेवारीवर केलेल्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी

उद्दिष्ट आधी लिहून ठेवतो. मी स्वतः खेळलेल्या डावांच्या फायलींमधून समोरच्या खेळाडूंची आकडेवारी काढायची आणि त्यातले कच्चे गडी कोण, याची यादी करायची. खेळ नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन बंद पानं, टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडी, पैसे लावायला वरची मर्यादा नाही), सहा जणांचं टेबल, रोख खेळ, सगळ्यात खालच्या पायऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी रकमांची टेबलं. टूर्नामेंट यात धरलेल्या नाहीत. तिथे ब्लाइंड, म्हणजे दोघांना आधीच लावावे लागणारे सक्तीचे पैसे (लहान तो स्मॉल, मोठा तो बिग ब्लाइंड), वाढत जातात, स्टॅक (समोरच्या चिप्सचे ढीग) आटत जातात आणि एकाच माणसाचे आकडे तासातासाला बदलतात.

कोडला हात लावायच्या आधी साइटचे नियम वाचले. माझी मूळ कल्पना वेगळी होती: न खेळता टेबलं नुसती उघडी ठेवायची आणि दुसऱ्यांचे डाव गोळा करायचे. ते पहिल्याच वाचनात बाद झालं. पोकरस्टार्सच्या नियमांत स्वतः न खेळलेल्या डावांचा साठा वापरणं बसत नाही. फायली विकत घेणं आणि मित्रामित्रांत वाटून घेणं हेही त्यातच आलं. जीजीपोकरवर खेळताना समोरच्यांचे आकडे दाखवणारं बाहेरचं सॉफ्टवेअर वापरायला बंदी आहे. पार्टीपोकरने जून २०१९ मध्ये डावांच्या फायली उतरवून घ्यायची सोयच काढून टाकली. बोडॉगच्या टेबलांवर तर खेळाडूंची नावंच दिसत नाहीत. तेव्हा हे वाचून कोणी काम सुरू करणार असेल, तर आपल्या साइटवर काय चालतं ते आधी पाहा. नाहीतर खातं गोठतं आणि त्यातले पैसेही अडकतात.

जिथे चालतं तिथेही मी दोन रेषा आखून घेतल्या. फक्त स्वतःचे डाव घ्यायचे. आणि खेळ सुरू असताना पडद्यावर काही ठेवायचं नाही. हिशोब खेळ संपल्यावर करायचा आणि साइटने दिलेल्या रंगीत खुणा हाताने लावायच्या.

साहित्य: पायथन आणि एसक्यूलाइट. खर्च शून्य. वेळेचा खर्च पुढे कळेलच.

१० जानेवारी

सरावाला आयआरसी पोकर डेटाबेस घेतला. १९९५ ते २००१ या काळात आयआरसी चॅटवर खोट्या पैशांनी खेळलेले एक कोटीहून जास्त डाव त्यात आहेत, आणि अल्बर्टा विद्यापीठाच्या पोकर संशोधन गटाने ते सगळ्यांना खुले ठेवले. रचना सोपी आहे. महिन्यागणिक फोल्डर, त्यात प्रत्येक टोपणनावाची वेगळी फाइल, एका ओळीत एक डाव, आणि प्रत्येक फेरीत त्या खेळाडूने काय केलं ते एकेका अक्षरात. शेवटी लावलेली एकूण रक्कम आणि मिळालेली रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत. मी आधी नुसत्या मिळालेल्या रकमेची बेरीज घेतली आणि सगळेच खेळाडू जिंकतायत असं सुखद चित्र दिसलं. मिळालेल्यातून लावलेली वजा केल्यावर ते जमिनीवर आले.

कोड शिकायला हा साठा उत्तम. पण ‘किती टक्के म्हणजे कच्चा’ हे त्यावरून ठरवू नका. त्यातले बहुतेक डाव लिमिट होल्डेमचे (किती लावायचं ते ठरलेलं), पैसे खोटे, त्यामुळे ‘माझं काय जातंय’ म्हणून कॉल करणारे, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे भरून डावात राहणारे, ढिगाने. शिवाय सगळे खेळाडू माणसं नव्हतेच. अल्बर्टातच तयार झालेले लोकी आणि पोकी हे प्रोग्रॅमही तिथे खेळायचे.

१५ जानेवारी

आता स्वतःच्या फायली. साधा मजकूर असतो: वर डावाचा क्रमांक आणि वेळ, मग कोण कुठल्या जागेवर किती चिप्स घेऊन बसलंय, मग ब्लाइंड, मग एकेक चाल. बघताना वाटतं तासाभराचं काम. गेला अख्खा आठवडा. कशात गेला ते सांगतो, म्हणजे तुमचा वाचेल.

प्रत्येक फाइलीतला पहिला डाव गायब होत होता. फाइलीच्या तोंडाशी बीओएम नावाची न दिसणारी खूण असते, त्यामुळे पहिली ओळ ओळखलीच जात नव्हती. कोड कुठलीही त्रुटी दाखवत नव्हता, म्हणून हे सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

खेळाडूच्या नावात रिकामी जागा असते, कधी कोलनही असतो. ‘कोलनच्या आधी नाव, नंतर चाल’ असं धरून चाललात की नाव मधूनच तुटतं आणि एका माणसाचे दोन होतात. आता मी आधी जागांची यादी वाचतो आणि पुढची प्रत्येक ओळ त्यातल्या कुठल्या नावाने सुरू होते ते पाहतो. लांब नाव आधी तपासायचं, नाहीतर एकाच्या नावात दुसऱ्याचं नाव बसलेलं असलं की घोळ होतो.

गप्पांच्या ओळीही त्याच फाइलीत येतात. कोणीतरी चॅटमध्ये ‘हा नेहमी रेझ करतो’ (रक्कम वाढवतो) अशा अर्थाचं लिहिलं होतं आणि माझ्या कोडने तो रेझ लिहिणाऱ्याच्या खात्यावर मांडला.

रेझची रक्कम हा खरा चकवा. ‘४ ने वाढवून ६’ असं लिहिलेलं असतं. त्यातला ६ हा त्या फेरीतला एकूण आकडा. आधीच लावलेला ब्लाइंड त्यातून वजा केला नाही तर तो दोनदा मोजला जातो. आणि कोणीच कॉल न केलेली रक्कम परत मिळते, तिची ओळ वेगळी.

या सगळ्यावर एकच औषध कामी आलं: प्रत्येक डावाचा ताळा. सगळ्यांनी लावलेले, वजा परत आलेले, बरोबर जिंकलेले अधिक रेक (डावात जमलेल्या पैशांतून, म्हणजे पॉटमधून, साइट कापून घेते तो वाटा). ज्या डावाचा ताळा बसत नाही तो वेगळ्या फाइलीत टाकायचा आणि डोळ्यांनी वाचायचा. पहिल्या दिवसापासून हे करा. रकमा पूर्णांकात ठेवा, दशांशात ठेवल्यात तर ताळा एखाद्या पैशाने उगाच चुकत राहतो. डावाचा क्रमांक अनन्य ठेवा, म्हणजे तीच फाइल दोनदा वाचली तरी आकडे फुगत नाहीत.

२० जानेवारी

व्हीपिप काढला. किती टक्के डावांत खेळाडूने स्वतःच्या मर्जीने पैसे घातले, त्याचा हा आकडा. त्याच्या जोडीला पीएफआर, म्हणजे फ्लॉपच्या (पहिल्या तीन उघड्या पानांच्या) आधी किती टक्के डावांत रेझ केला. दोन्ही मिळून ‘२२/१८’ असं लिहितात. सहा जणांच्या टेबलावर रोज खेळणारा बरा गडी साधारण या आसपास असतो. ‘४५/६’ म्हणजे निम्म्याजवळ डावांत उतरणारा आणि जवळजवळ कधीच स्वतःहून न वाढवणारा, नुसता कॉल करत जाणारा.

माझ्या पहिल्या तक्त्यात एका महाशयांचा व्हीपिप १०४ टक्के. मी चाली मोजत होतो, डाव नव्हे. एकाच डावात कॉल करून पुढे पुन्हा रेझला कॉल केला की दोन धरले जात होते. दर डावाला फक्त हो किंवा नाही अशी नोंद केल्यावर ते सुटलं.

दुसरी गोष्ट भाजकाची. सगळ्यांनी फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकली, आणि डाव बिग ब्लाइंडला फुकट मिळाला, तर त्याला काही ठरवायची संधीच नव्हती. असे डाव भाजकातून काढायचे. बिग ब्लाइंडने नुसता चेक केला (आणखी पैसे न घालता चाल पुढे दिली) तरी तो मर्जीचा पैसा नाही.

पडताळा घ्यायला पोकरट्रॅकर ४ या आकडेवारी काढणाऱ्या तयार प्रोग्रॅमची १४ दिवसांची मोफत चाचणी वापरली. त्यात त्याच फायली घातल्या आणि माझ्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. आता जुळतायत. मग सगळं तयार मिळत असताना हा खटाटोप का? कारण तयार आकडे कशातून आले ते कळत नाही, आणि पुढे मला जे हवं होतं ते तयार मिळालं नसतं.

२७ जानेवारी

आज यादी केली. सरळ मार्गाने: ज्याने माझ्या टेबलांवर सगळ्यात जास्त पैसे घालवले तो सगळ्यात कच्चा.

यादीच्या वरच्या टोकाला दोन चांगले, रोजचे खेळाडू. त्यांचे एक्के कोणाच्या तरी तिर्रीसमोर फुटले होते एवढंच. आणि खाली, ‘जिंकणारे’ या बाजूला, दर दुसऱ्या डावाला उतरणारा एक जण, ज्याला दोन मोठे पॉट लागले होते.

हे असं होणारच. नो-लिमिटमध्ये १०० डावांमागे निकालाचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती हलतो त्याचं माप) ९० बिग ब्लाइंडच्या घरात असतं. १०,००० डाव खेळल्यावरही सरासरीतली चूक ९ बिग ब्लाइंड उरते, म्हणजे खरा आकडा वर-खाली १८ च्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. चांगला खेळाडू १०० डावांमागे ४-५ कमावतो. आणि माझ्याकडे बहुतेकांचे १०० डावही नाहीत.

नफ्याचा रकाना पुसून टाकला नाही, पण यादीतून काढला. त्याचा उपयोग दुसऱ्या टोकाला होतो. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकरवर प्रतिस्पर्ध्यांची बंद पानं दिसणारं एक खातं उघडकीला आलं, ते खेळाडूंनी डावांच्या नोंदी तपासल्यामुळेच. तिथला फायदा इतका अफाट होता की नशिबाच्या पट्ट्यात तो बसतच नव्हता.

३ फेब्रुवारी

व्हीपिपवर लावलेली यादी बरी आली, पण त्यात काही नावं खटकली. एक जण ५१ टक्के, आणि मला आठवतंय की तो चांगला खेळतो. त्याचे डाव उघडून पाहिले. बहुतेक रात्री उशिराचे, टेबलावर तीनच जण, कधी दोनच.

दोघांच्या खेळात बटणावरचा (वाटणाऱ्याच्या जागेवरचा, फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारा) चांगला खेळाडू ८० टक्के पानं खेळतो. सहा जणांत पहिल्या जागेवरून तोच १५ ते १८ टक्क्यांवर थांबतो आणि बटणावरून ४० च्या पुढे जातो. म्हणजे नुसता व्हीपिप हा निम्मा माणसाचा आणि निम्मा जागेचा आकडा. शंभर-दोनशे डावांत जागा सारख्या वाटल्या जातात म्हणून सरासरीत हे लपतं. वीस-तीस डावांत अजिबात लपत नाही.

दुरुस्ती: खेळाडूंची संख्या आणि जागा या जोडीला एक ‘अपेक्षित’ आकडा दिला. आता प्रत्येक डाव त्या जागेच्या अपेक्षेशी ताडला जातो. पहिल्या जागेवरून उतरणं जड, बटणावरून उतरणं हलकं. खटकणारी नावं खाली गेली.

१२ फेब्रुवारी

सगळ्या कामाची गोम आज कळली.

नावांपुढे डावांची संख्या लिहून तक्ता पाहिला. ज्यांचे हजारो डाव माझ्याकडे आहेत ते सगळे रोजचे, सावध, २० ते २५ टक्क्यांतले. ज्यांचा व्हीपिप ४० च्या वर त्यांचे डाव वीस, पस्तीस, साठ. कच्चा गडी येतो, आणलेले पैसे संपतात किंवा कंटाळा येतो, आणि तो जातो. ज्याच्याविषयी मला सगळं ठाऊक आहे त्याच्यापासून कमाई नाही, आणि ज्याच्यापासून कमाई आहे त्याच्याविषयी कधीच पुरेसं ठाऊक होणार नाही. आणखी डाव गोळा करून हे सुटत नाही. आणखी डाव म्हणजे रोजच्यांचेच आणखी डाव.

आणि थोड्या डावांत आकडा केवढा हलतो ते पाहा. खरा व्हीपिप २५ असलेला माणूस ३० डावांत ९ पासून ४० पर्यंत काहीही दाखवू शकतो. १०० डावांत साधारण १६ ते ३४. ५०० डावांवर ते २१ ते २९ होतं, पण ५०० डाव बसणारा मला नकोच आहे. फ्लॉपच्या पुढचे आकडे तर विसराच. रिव्हरवर (शेवटच्या, पाचव्या उघड्या पानावर) किती वेळा फोल्ड करतो हे कळायला आधी तो रिव्हरवर यावा लागतो, समोरच्याने बेट करावी (पैसे लावावे) लागते. ३० डावांत अशी संधी एक-दोनदा येते.

त्यामुळे सुंदर दिसणारे बरेच रकाने आज उडवले. त्यांच्यावर घातलेला वेळ गेला तो गेला.

१८ फेब्रुवारी

थोडे डाव असले की आकडा सरासरीकडे ओढून घ्यायचा, ही नेहमीची युक्ती. समजा सरासरी २५ टक्के आणि तिला ४० डावांचं वजन दिलं. कोणी ३ पैकी २ डाव खेळला तर मूळ आकडा ६७, ओढून घेतलेला २८. कोणी २० पैकी १२ खेळला तर मूळ ६०, ओढलेला ३७. पटण्यासारखं.

पण सरासरी कुठली? मी सगळ्या डावांची घेतली होती, आणि सगळे डाव म्हणजे रोजचे खेळाडू. उदाहरण करून पाहा. एक गडी १,००० डावांचा, व्हीपिप २२. दहा पाहुणे, प्रत्येकी ३० डाव, व्हीपिप ४५. डावांची सरासरी येते २७. माणसांची सरासरी येते ४३. नवं नाव टेबलावर आलं तर ते माणसांतून आलंय, डावांतून नाही. मी प्रत्येक पाहुण्याला रोजच्या खेळाडूकडे ओढत होतो आणि मग म्हणत होतो की यादीत कोणी सापडत नाही.

बरं, ४३ हाही कुणाचाच आकडा नाही. लोक दोन ढिगांत आहेत आणि सरासरी मधल्या रिकाम्या जागेत पडते. म्हणून प्रश्नच बदलला. ‘याचा व्हीपिप नेमका किती’ हे विचारायचं सोडलं. ‘हा २२ वाला की ४५ वाला’ एवढंच विचारायचं.

याचं गणित पाटीवर मावतं. खेळलेला प्रत्येक डाव ४५ वाल्याच्या बाजूने ०.७२ गुण देतो. फोल्ड केलेला प्रत्येक डाव ०.३५ गुण काढून घेतो. (४५ भागिले २२ चा आणि ५५ भागिले ७८ चा नैसर्गिक लॉगरिदम, बाकी काही नाही.) म्हणजे एक खेळलेला डाव जवळजवळ दोन फोल्ड पुसतो. ३० पैकी १० खेळला तर बेरीज शून्याजवळ, काहीच कळलं नाही. ३० पैकी ८ खेळला तर रोजचा असण्याकडे सातास एक. आणि ३० पैकी १४ खेळला तर पाहुणा असण्याकडे ८० हून जास्तीस एक.

तेच ३० डाव. आधी ज्यांच्यावरून काहीच सांगता येत नव्हतं त्यांनी आता बऱ्याच जणांचा निकाल लावला. प्रत्येक जागेसाठी २२ आणि ४५ ऐवजी त्या जागेची जोडी वापरली, ३ फेब्रुवारीचं काम इथे उपयोगी पडलं. बेरीज ३ च्या वर गेली की खूण लावायची. ३ म्हणजे साधारण वीसास एक.

२६ फेब्रुवारी

काही चाली एकट्याच बोलतात. एक डाव पूर्ण लिहितो.

सहा जण. पहिल्या जागेवरचा गडी नवा, टेबलावर येऊन पाचेक डाव झालेले. स्टॅक ७४ बिग ब्लाइंड. तो नुसता कॉल करून आत येतो, ज्याला लिंप म्हणतात. बटणावर माझ्याकडे बदामचा एक्का, किलवरचा राजा. मी वाढवून ५ बिग ब्लाइंड करतो. ब्लाइंड दोघे जातात, तो कॉल करतो. फ्लॉप: इस्पिकचा राजा, चौकट अठ्ठी, किलवर तिर्री. तो चेक, मी बेट, तो कॉल. टर्नला (चौथं उघडं पान) चौकट दुर्री, तेच. रिव्हरला इस्पिक नव्वी, मी पॉटच्या पाऊणपट लावतो, तो विचार करून कॉल करतो आणि पानं न दाखवता टाकतो. शोडाउनला (शेवटी पानं दाखवायच्या वेळेला) गेलेली पानं फाइलीत मात्र छापून येतात: बदाम अठ्ठी, बदाम पंजी.

यात कळण्यासारखं किती आहे बघा. स्टॅक नेहमीचा १०० नाही, म्हणजे कमी झाल्यावर आपोआप भरून घ्यायची सोय त्याने लावलेली नाही. पहिल्या जागेवरून लिंप. अठ्ठी-पंजी घेऊन रेझला कॉल. मधल्या जोडीवर तीन वेळा कॉल. रोजचा खेळाडू यातलं पहिलंही सहसा करत नाही.

लिंपचं वजन काढायला अंदाज घेतले: समजा नव्या नावांत चारात एक कच्चा, कच्चा गडी पहिल्या काही संधींत ७० टक्के वेळा एकदा तरी लिंप करतो, रोजचा ५ टक्के. एका लिंपने शक्यता २५ वरून ८२ टक्क्यांवर जाते. म्हणून लिंपलाही गुण दिले, वेगळ्या स्टॅकलाही दिले, आणि एका दिवसात निम्म्या टेबलाला खूण लागली.

कारण साधं होतं. लिंप हा खेळलेला डावही आहे. त्याच चालीचे ०.७२ एकदा आणि लिंपचे गुण पुन्हा. शिवाय जो खूप डाव खेळतो तोच लिंप करतो. दोन्ही पुरावे एकाच सवयीचे, त्यांची सरळ बेरीज चालत नाही. आता लिंपचे गुण माणसामागे एकदाच, तेही निम्मे, आणि त्या डावाचे ०.७२ सोडून. स्टॅकच्या बाबतीत बरोबर ४० घेऊन बसणारे वगळले. त्यातले बरेच ठरवून कमी पैशांनी खेळतात आणि अजिबात कच्चे नसतात. ७४, ६१, ३७ असे मोडके आकडे तेवढे धरले.

मग पडताळा: प्रत्येकाचे विषम क्रमांकाचे डाव एकीकडे, सम दुसरीकडे. विषम डावांवरून खूण लागलेले सम डावांतही तसेच वागतात का? उतरण्याची सवय टिकली. लिंप टिकला. नफा-तोटा अजिबात टिकला नाही, ज्याची २७ जानेवारीपासून खात्रीच होती.

५ मार्च

एक रकाना तयार करून काढून टाकला. मोठा पॉट हरल्यावर लगेच वरच्या पायरीच्या टेबलावर जाणारे, पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा पैसे भरणारे, यांना वेगळी खूण. कोड चालत होता. तक्ता उघडल्यावर तीन नावं वर आली आणि त्यांच्या वेळा वाचवेनात. हा खेळातला कच्चेपणा नाही, त्या माणसाचं काहीतरी बिनसलंय. अशांची वाट बघत बसायचं नाही, एवढं ठरवलं. पैशांच्या हिशोबाने हा निर्णय तोट्याचा आहे, असू दे.

१४ मार्च

यादी घेऊन टेबलावर बसतोय. फाइलीत कच्चा गडी सापडणं आणि त्याच्यासमोर जागा मिळणं यात बरंच अंतर आहे. काही ठिकाणी जागा निवडताच येत नाही, साइट बसवेल तिथे बसायचं. जिथे निवडता येते तिथे त्याच्या डावीकडची जागा घ्यायची. चाली घड्याळाच्या दिशेने फिरतात, म्हणून तो आधी बोलतो आणि तुम्ही नंतर. उजवीकडे बसलात तर यादीचा निम्मा उपयोग गेला.

आपोआप जागा पकडणारे प्रोग्रॅम वापरू नका, बहुतेक ठिकाणी बंदी आहे. तो उठला की त्याच क्षणी उठून जाणारेही असतात. मला ते बरं दिसत नाही, आणि टेबल मोडलं की पुढचा पाहुणा कुठे बसणार?

रेक विसरू नका. समजा दोन सारख्याच तयारीच्या खेळाडूंनी २०-२० बिग ब्लाइंड घातले, पॉट ४०, रेक ५ टक्के, म्हणजे २ गेले. दिवसभर ते एकमेकांचे पॉट फिरवत बसले तर संध्याकाळी दोघेही तोट्यात. रेकला वरची मर्यादा असते, त्यामुळे मोठ्या पॉटला हा वाटा कमी पडतो, पण खालच्या पायऱ्यांवर मोठे पॉट असतात किती? सगळे रोजचे बसलेत अशा टेबलावर मी आता बसत नाही, त्यासाठी कुठलाही आकडा लागत नाही.

२९ मार्च

यादीमुळे कमाई वाढली का, असं विचारतात. सांगता येणार नाही, आणि कोणी इतक्यात सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंडचा फरक पडला असं ठामपणे म्हणायला यादीच्या आधीचे अडीच लाखांहून जास्त आणि नंतरचे तेवढेच डाव लागतील. त्याऐवजी मी दुसरं मोजतोय: मी ज्या पॉटमध्ये आहे, त्यात खूण लागलेला गडीही आहे असे डाव किती. ते वाढलेत. हा आकडा आठवड्याभरात स्थिरावतो.

उलट बाजूने दोन चुकीच्या खुणा सापडल्या. दोघेही आक्रमक, ४० च्या पुढे उतरणारे, पण पीएफआरही ३५ च्या जवळ. माझे गुण उतरणं पाहतात, कसं उतरला ते पाहत नाहीत. आता खेळलेल्या डावात स्वतः रेझ करून आला असेल तर ०.७२ ऐवजी निम्मेच देतो. उरलेलं काम: नाव बदललेले जुने खेळाडू नवे म्हणून येतात, त्यावर उपाय नाही. जुन्या खुणा मात्र शिळ्या होतात, कारण महिन्या-दोन महिन्यांनी परतलेला गडी कधीकधी शिकून येतो. म्हणून साठ दिवसांत न दिसलेल्याचे गुण निम्मे करणारी ओळ घातली आहे आणि ती उद्यापासून चालू होईल.